डायफ्रॅम पंप पुन्हा पुन्हा अडतो? किट बदलण्याआधी हवा तपासा

हवेवर चालणारा डबल डायफ्रॅम पंप (दोन लवचिक पडद्यांनी द्रव ढकलणारा) चालता चालता मध्येच थांबतो. कोणीतरी येऊन बॉडीवर हातोडीचे दोन ठोके मारतं, पंप पुन्हा धडधडायला लागतो आणि तासाभरात परत तेच. मग एअर व्हॉल्व्ह उघडून स्पूल (हवेची दिशा पालटणारा आतला सरकता दांडा) साफ केला जातो, सीलची किट बदलली जाते, चार दिवस बरे जातात आणि पंप पुन्हा अडतो. किट बदलूनही तीच तक्रार परत येत असेल तर मूळ दोष बहुतेक वेळा पंपाबाहेर असतो, असं माझं ठाम मत आहे. हवेची लाइन, सायलेन्सर (वापरलेली हवा जिथून बाहेर पडते ती आवाज कमी करणारी जाळी) आणि सक्शन (द्रव ओढून घेणारी बाजू) या तीन जागा नीट पाहिल्याशिवाय पानं-स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नयेत.

पंपाचं काम थोडक्यात डोळ्यांसमोर आणा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन डायफ्रॅम बसवलेले असतात. एअर व्हॉल्व्ह आधी एका डायफ्रॅमच्या मागे हवा सोडतो. तो डायफ्रॅम पुढे सरकून आपल्या बाजूचं द्रव वरच्या मॅनिफोल्डमध्ये (दोन्ही बाजू जोडणाऱ्या पाइपमध्ये) ढकलतो आणि त्याच वेळी शाफ्टने ओढलेला दुसरा डायफ्रॅम मागे येऊन खालून द्रव खेचतो. स्ट्रोक संपला की पायलट व्हॉल्व्ह इशारा देतो, स्पूल पलटी मारतो, वापरलेली हवा सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि दुसऱ्या बाजूचा नंबर लागतो. दोन्ही बाजूंना खाली एक आणि वर एक असे एकूण चार बॉल द्रवाला उलटं फिरू देत नाहीत. मोटर नाही, गिअर नाही, फिरणारं शाफ्ट-सील नाही. त्यामुळे बिघाडाची कारणंही मोजकीच असतात.

यात एक गोष्ट अशी आहे की ती माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले पंप विनाकारण उघडले जातात. हवेचा दाब आणि डिस्चार्जचा (द्रव बाहेर पडणाऱ्या बाजूचा) दाब बरोबरीत आले की हा पंप थांबतो, आणि थांबायलाच हवा. डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद केला, पंप थांबला, व्हॉल्व्ह उघडताच सुरू झाला, तर तो अगदी निरोगी आहे. याचीच दुसरी बाजू म्हणजे साधारण पंप हवेच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊच शकत नाही. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ बार लागतो. टाकी ३० मीटर उंचीवर असेल आणि पंपापाशी हवा जेमतेम ३ बार पोचत असेल, तर तो पंप कुठल्याही किटने चालणार नाही. द्रव पाण्यापेक्षा जड किंवा घट्ट असेल, पाइप लांब आणि बारीक असेल, तर गरज आणखी वाढते.

पहिली तपासणी: पंप चालू असताना गेज काय दाखवतं?

बंद पंपाचं गेज पाहून काही कळत नाही. रेग्युलेटरवर ६ बार दिसतात, ऑपरेटर सांगतो हवा भरपूर आहे, आणि विषय तिथेच संपतो. पण हवा वाहत नसताना केसाएवढ्या भोकाच्या पलीकडेही पूर्ण दाब दिसतो. पंपाच्या एअर इनलेटला टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिथे एक गेज बसवा, पंप पूर्ण लोडवर चालवा आणि काटा पाहा. प्रत्येक स्ट्रोकला काटा थोडा हलणारच. पण तो ६ वरून ३ च्या खाली झोपत असेल तर पंपाची उपासमार होते आहे. अशा वेळी स्पूल अर्ध्या ताकदीने पलटी मारतो, कधीतरी मधल्या जागी अडकतो आणि ठोका मारला की सुटतो. म्हणजे ठोक्याने पंप सुरू झाला एवढ्यावरून स्पूल खराब आहे असं ठरत नाही.

हवा कुठे मरते ते मागे मागे जात शोधायचं. फिल्टरचं एलिमेंट चोक झालंय का? पंपाचा इनलेट अर्धा इंची आणि होज मात्र त्याहून बारीक असं झालंय का? हेडर, म्हणजे हवेचा मुख्य पाइप, चांगला मोठा असतो, पण शेवटच्या दोन मीटरला हाताला लागेल तो तुकडा जोडलेला असतो. त्यातही क्विक कपलिंग मोठं फसवं, कारण बाहेरून जाड दिसतं आणि आतली वाट फार अरुंद असते. एअर गनसाठी ते ठीक, सतत हवा ओढणाऱ्या पंपासाठी नाही. त्याच हेडरवरचं दुसरं मोठं मशीन सुरू झालं की पंप अडतो, अशीही तक्रार असते. वेळा टिपून ठेवल्या तर हा संबंध चटकन उघड होतो.

दुसरी तपासणी: सायलेन्सरला हात लावून पाहा

पंप सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं मजेत चालतो, मग हळू होत जातो आणि थांबतो. पंधरा मिनिटं तसाच सोडला की आपोआप सुरू होतो. हे वर्णन ऐकलं की मी सायलेन्सरपासूनच सुरुवात करतो. थांबलेल्या पंपाचं एक्झॉस्ट पाहा. धातूवर पांढरा दहिवराचा थर, सायलेन्सरच्या जाळीत बर्फाची कच, स्पर्श केला तर बोट चिकटावं इतका गारवा. भर उन्हाळ्यातही हे घडतं, म्हणूनच कोणाला संशय येत नाही. बर्फ वितळला की पुरावाही नाहीसा होतो. फिटर येईपर्यंत पंप सुरू झालेला असतो.

दाबाखालची हवा एकदम मोकळी होते तेव्हा ती पसरते आणि झपाट्याने थंड होते. एक्झॉस्टपाशी तिचं तापमान शून्याच्या बरंच खाली जाऊ शकतं. हवेत बाष्प असेल तर ते तिथेच गोठतं. वाट अरुंद होते, वापरलेली हवा बाहेर पडत नाही, मागे दाब साठतो आणि पंप जागच्या जागी थांबतो. दाब जितका जास्त आणि स्ट्रोक जितके वेगात, तितका बर्फ लवकर.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "आमच्याकडे एफआरएल लावलंय, पाणी तिथेच निघतं." एफआरएल म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर यांचा संच. फिल्टरच्या वाटीत जमतं ते द्रवरूप पाणी. बाष्प फिल्टरमधून सरळ पुढे जातं आणि बर्फ त्या बाष्पाचाच होतो. बाष्प काढायला ड्रायर लागतो. रेफ्रिजरेटेड ड्रायर लाइनमधल्या दाबाखाली साधारण ३ अंश सेल्सिअसपर्यंतचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो) देतो. लाइनमध्ये पाणी साचू नये यासाठी तो पुरेसा आहे, पण जोरात आणि सतत चालणाऱ्या पंपाच्या एक्झॉस्टचा गारवा त्याहून खाली जात असल्याने तक्रार कमी होते, नेहमीच संपत नाही. डेसिकंट ड्रायर उणे ४० अंशांपर्यंत नेतो; मग गोठायला जवळपास काही उरत नाही. मात्र एका पंपासाठी एवढा खर्च करण्याआधी फुकटातले उपाय करून पाहावेत.

पहिला उपाय म्हणजे दाब कमी करणं. किती कमी? काम होईल इतकाच दाब ठेवायचा. ४ बारवर हवा तेवढा फ्लो मिळत असताना पंप ६ बारवर पळवण्यात हवा, डायफ्रॅम आणि झोप तिन्ही वाया जातात. दुसरा उपाय म्हणजे सायलेन्सर बॉडीवरून काढायचा, एक्झॉस्टला पोर्टपेक्षा मोठ्या व्यासाचा होज जोडायचा आणि सायलेन्सर त्या होजच्या दुसऱ्या टोकाला लावायचा. बर्फ झालाच तर तो एअर व्हॉल्व्हपासून दूर आणि मोकळ्या वाटेत होतो. हा होज लांब असेल तर व्यास आणखी वाढवा, नाहीतर एक अडथळा काढून दुसरा बसवल्यासारखं होईल. तरीही भागलं नाही, तर तिथे एक साइझ मोठा पंप लावून तो सावकाश चालवणं हाच कायमचा इलाज. लहान पंप उर फुटेस्तोवर पळवण्यापेक्षा मोठा पंप निवांत चालवणं प्रत्येक बाबतीत फायद्याचं पडतं.

सायलेन्सर बर्फाशिवायही चोक होतो. कॉम्प्रेसरचं तेल आणि लाइनमधला गंज त्याच्या जाळीत बसून घट्ट होतो. खात्री करायला तो क्षणभर काढून पंप चालवता येतो. कानांना प्रोटेक्शन हवंच. डायफ्रॅम फाटला असेल तर पंपातलं द्रव याच तोंडातून फवाऱ्यासारखं बाहेर येतं, म्हणून समोर उभं राहायचं नाही. ॲसिड किंवा सॉल्व्हंट असेल तर एक्झॉस्ट मुळात पाइपने सुरक्षित जागी नेलेलंच असलं पाहिजे.

पाणी आणि बर्फ दोन्ही नाहीत, दाबही पक्का आहे, तरी पंप अडतो, तेव्हा कुठे एअर व्हॉल्व्ह उघडायची वेळ येते. स्पूलवर चिकट तपकिरी थर दिसला तर तो कॉम्प्रेसरच्या तेलाचा असतो. इथे ल्युब्रिकेशनबद्दल बोललंच पाहिजे. आजकालचे बरेच पंप कोरड्या हवेवर, तेलाविना चालायला बनवलेले असतात आणि असेंब्लीच्या वेळी भरलेलं ग्रीस त्यांना पुरतं. अशा पंपाला "थोडं तेल बरं असतं" म्हणून ल्युब्रिकेटर जोडला की ते ग्रीस धुऊन निघतं. पुढे तेल बंद झालं तर सील कोरडे पडतात, आणि तेल सीलच्या रबराला चालणारं नसेल तर रबर फुगून स्पूल जाम होतो. पंपाच्या पुस्तिकेत तेल सांगितलं असेल तरच द्या, तेही सांगितलेल्या जातीचं.

पंप पळतो, पण माल येत नाही

ही तक्रार उलट आहे आणि तिचं मूळ जवळपास नेहमी सक्शनमध्ये किंवा बॉलमध्ये सापडतं. इथे एक चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पंप लाइनमधून सोडवा, सक्शनला एक छोटा, जाड भिंतीचा होज लावा आणि तो शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. डिस्चार्जही त्याच बादलीत सोडा. हवा अगदी कमी ठेवून चालवा. पाणी झटपट उचललं आणि धार भरून आली तर पंपावरचा आरोप खोटा आहे. दोष तुमच्या पाइपिंगमध्ये आहे. बादलीतूनही उचलत नसेल तरच पंप उघडायचा. पंपातला माल पाण्याशी रिअ‍ॅक्शन करणारा असेल तर मात्र पाणी वापरू नका, पंप आधी योग्य त्या द्रवाने धुऊन घ्या.

पाइपिंगमध्ये पाहायचं ते असं: सक्शन बाजूच्या लिकेजमधून द्रव बाहेर ठिबकत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे फरशी कोरडी दिसते आणि सगळे निर्धास्त राहतात. डिस्चार्जच्या धारेत बुडबुडे येत असतील तर एकतर सक्शनचा जॉइंट हवा घेतो आहे किंवा डायफ्रॅम फाटलाय. जॉइंट साबणाच्या पाण्याने तपासायचा असेल तर लाइनवर हलका दाब देऊन तपासा, ओढीखाली फेस आत जाईल आणि काहीच दिसणार नाही. सक्शन होज मऊ असेल तर तो प्रत्येक स्ट्रोकला आत दबताना दिसतो. तारेचा किंवा जाड भिंतीचा होज लावा. सक्शन पाइपचा व्यास पंपाच्या पोर्टपेक्षा कमी कधीच नको, घट्ट मालाला तर एक साइझ मोठाच हवा. फ्लो कमी करायला सक्शनचा व्हॉल्व्ह आवळायची सवय काही ठिकाणी इतकी रुळली आहे की ती बघून जीव कळवळतो. त्याने कॅव्हिटेशन होतं (ओढीखाली द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात) आणि डायफ्रॅम ओढीखाली वेडावाकडा वळतो. फ्लो हवेच्या नीडल व्हॉल्व्हने किंवा रेग्युलेटरने कमी करा. गरज पडली तर डिस्चार्ज व्हॉल्व्हने.

आता बॉल. पंपाजवळ उभं राहून डोळे मिटून ऐका. चांगला पंप सारख्या तालात चालतो. एक स्ट्रोक भरीव आणि पुढचा पोकळ, घाईचा, असा लंगडा ताल ऐकू आला तर एका बाजूचा बॉल सीटवर (त्याच्या बसायच्या कड्यावर) बसत नाही. खालचा बॉल गळत असेल तर ढकललेलं द्रव परत सक्शनमध्ये जातं. वरचा गळत असेल तर वरचंच द्रव खाली येऊन चेंबर भरतं. नुसत्या तालावरून बाजू पक्की सांगता येत नाही, म्हणून चारही बॉल काढून पाहावेत. बॉल बोटांमध्ये फिरवून पाहा. सपाट चट्टा, चिर, किंवा नव्या बॉलपेक्षा जाणवण्याइतका फुगीरपणा दिसला तर तो बदलायचा. फुगलेला बॉल केजमध्ये (त्याच्या पिंजऱ्यात) अडकतो आणि वरवर धुतल्याने तो प्रश्न सुटत नाही. सीटच्या कडेला नखाला लागेल अशी खाच असेल तर नवा बॉल टाकूनही लिकेज राहीलच.

पंप न उघडता बॉल-सीट तपासायची सोपी रीत म्हणजे डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करणं. निरोगी पंप थांबून उभा राहील. अधूनमधून सावकाश स्ट्रोक पडत राहिला तर आत कुठेतरी द्रव मागे फिरतं आहे. स्ट्रोक थांबला पण एक्झॉस्टमधून हवा सतत फुसफुसत राहिली तर स्पूलचे सील, शाफ्टचे सील किंवा डायफ्रॅम हवा सोडतो आहे. एवढ्या एका चाचणीत द्रवाची बाजू आणि हवेची बाजू वेगळी होते.

फाटलेला डायफ्रॅम फेकण्याआधी

दर काही आठवड्यांनी डायफ्रॅम जात असेल तर जुना कचऱ्यात टाकू नका. धुऊन, पुसून उजेडात धरा. फाटण्याच्या जागेवरून कारण कळतं.

रबर मऊ, चिकट आणि मापापेक्षा मोठं झालं असेल तर केमिकल मानवलेलं नाही. नायट्राइल खनिज तेलांना उत्तम आणि ॲसिटोनसारख्या कीटोनला निकामी. ईपीडीएम नेमकं उलट: तेलात फुगतं. विटॉन बऱ्याच सॉल्व्हंटना आणि उष्णतेला टिकतं, पण ॲसिटोनला तेही नाही. टेफ्लॉन जवळपास सगळ्यांना पुरून उरतं, मात्र ते रबरासारखं लवचिक नसल्याने कोरड्या सक्शनला, म्हणजे रिकाम्या पंपाने द्रव वर ओढायला, थोडं कमी पडतं. माल तोच असला तरी धुण्याचं सॉल्व्हंट बदललंय का, हे जरूर विचारा. कितीदा डायफ्रॅम धुताना मरतो, काम करताना नाही.

कडक होऊन तडे गेले असतील तर उष्णतेकडे पाहा. मधल्या भोकापाशी फाटला असेल तर त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी प्लेट सैल राहिली होती. प्लेटच्या कडेने गोल चिर असेल आणि पोट एकाच दिशेला ताणून फुगलेलं असेल, तर सक्शनला फार दाब येतोय असा संशय घ्या. सक्शनची टाकी पंपापेक्षा उंच असली की असं होतं. अनेक पुस्तिकांत सक्शनच्या दाबाची मर्यादा ०.७ बारच्या आसपास दिलेली असते, म्हणजे पाण्याचा साधारण ७ मीटर हेड (उंची). तुमच्या पंपाचा आकडा पाहून घ्या आणि जास्त असेल तर तो कमी करायची सोय करा. जड गाळाचा माल असेल तर बंद करण्यापूर्वी पंप धुणं टाळू नका. तळाशी बसलेला गाळ सकाळच्या पहिल्याच स्ट्रोकला डायफ्रॅम एका बाजूने वाकवतो.

आणि दोन्ही डायफ्रॅमवर वळणाच्या जागी सारख्या बारीक चिरा असतील तर त्यांचं आयुष्य संपलं एवढंच. इथे महिने मोजून उपयोग नाही. मिनिटाला ६० सायकलनी (एक सायकल म्हणजे दोन्ही बाजूंचा एकेक स्ट्रोक) ८ तासांच्या पाळीत २८,८०० सायकल होतात. १०० सायकलनी ४८,०००. पहिला पंप जेवढी मजल पाच महिन्यांत मारतो तेवढी दुसरा तीन महिन्यांत मारतो. कोरडा पंप भरधाव पळत राहिला तर हिशोब आणखी बिघडतो. ड्रम रिकामा झाल्यावर पंप तसाच चालू ठेवून जेवायला जाणं डायफ्रॅमला महागात पडतं.

उघडताना आणि जोडताना

हवेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधली हवा सोडा, डिस्चार्जचा दाब उतरवा, मगच बोल्टला हात लावा. अडून उभा असलेला पंप हवेखाली असेल तर तो कोणत्याही क्षणी स्ट्रोक मारू शकतो. पेटणारं सॉल्व्हंट असेल तर पंप, ड्रम आणि होज तिन्हींचं अर्थिंग पक्कं हवं. आणखी एक, जिवाशी संबंधित: मिथिलीन क्लोराइड किंवा ट्रायक्लोरोइथेनसारखी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट ॲल्युमिनियम बॉडीच्या पंपातून कधीही नेऊ नका. बंद पंपात त्यांची ॲल्युमिनियमशी रिअ‍ॅक्शन होऊन स्फोट होऊ शकतो.

डायफ्रॅम नेहमी जोडीने बदला. कोणती बाजू हवेकडे हे बहुतेक डायफ्रॅमवर छापलेलं असतं, ते वाचून बसवा. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा, टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याला. प्लास्टिक बॉडी आणि टेफ्लॉन दाबाखाली थोडे चेपतात, त्यामुळे पहिली पाळी चालल्यावर हवा बंद करून, दाब उतरवून बोल्ट पुन्हा तपासा. गरम माल असेल तर थंड झाल्यावर परत एकदा. हे राहून गेलं की आठवड्याभरात बॉडीच्या जॉइंटला ओल दिसते आणि दोष नव्या किटवर जातो. जोडून झाल्यावर २ बारपेक्षा कमी हवेवर पाण्यावर चालवून पाहा, डिस्चार्ज बंद करून पंप थांबतो का पाहा, सगळे जॉइंट कोरडे आहेत याची खात्री करा आणि मगच लाइनला जोडा. इनलेटवर लावलेलं गेज काढू नका, तिथेच राहू द्या.